शिष्टाचार : इंग्रजांचा आणि आपला

आजचा विषय वरवर साधा आहे. इंग्रज माणसाच्या वागण्याच्या रीती, त्यांमागची मूल्यं, आणि आपल्या बुलढाण्याकडच्या रीती. या विषयावर दोन मतं आपल्या कानांवर कायम पडतात. एक म्हणतं, सार्वजनिक ठिकाणी कसं वागावं ते इंग्रजांकडून शिका. दुसरं म्हणतं, त्यांची नम्रता कोरडी, खरी माणुसकी आपल्याकडेच. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं आणि ही दोन्ही मतं कधी ना कधी वर्गात मांडली. आज आम्हाला दोन्ही अपुरी वाटतात. का, ते सांगतो.

सुरुवात जॉन लॉकपासून करू. या इंग्रज तत्त्वज्ञाने १६९३ साली मुलांच्या शिक्षणावर एक पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात तो शिष्टाचाराचे दोन भाग करतो. एक आतला : समोरच्या माणसाला दुखवू नये, त्याचा मान राहावा, ही मनाची वृत्ती. दुसरा बाहेरचा : ती वृत्ती दाखवण्याची तऱ्हा, म्हणजे शब्द, आवाज, उठणं-बसणं. हा बाहेरचा भाग भाषेसारखा असतो, देशोदेशी वेगळा, असं लॉक म्हणतो. चीनमध्ये कन्फ्यूशियसने त्याच्या दोन हजार वर्षं आधी विचारलं होतं, की माणसात माणुसकीच नसेल तर रीतिरिवाजांचा उपयोग काय? हे दोन भाग ध्यानात ठेवा. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आता बाहेरचा भाग बघू. आमचा एक विद्यार्थी, चिखली तालुक्यातला, नोकरीनिमित्त इंग्लंडला गेला. दोन वर्षांनी सुट्टीवर आला. आईने चहा आणून दिला, हा सवयीने म्हणाला, "थँक्यू." आईचा चेहरा पडला. म्हणाली, "काऊन रे, मी काय परकी हाय काय?" इंग्रज घरात मूल आईला थँक्यू म्हणालं नाही तर आई टोकते. आपल्या घरात म्हणालं तर आईला लागतं. कारण आपल्याकडे आभार मानणं म्हणजे हिशेब मिटवणं. जिथे हिशेबच नाही तिथे मिटवायचं काय? 'प्लीज'चंही तसंच. मराठीत 'कृपया' हा शब्द पाट्यांवर राहतो. तोंडी बोलताना विनंती क्रियापदात असते : 'देता का', 'द्या ना', 'बसावं'. शब्द दिसला नाही म्हणून नम्रता नव्हती असं होत नाही.

याच विद्यार्थ्याची दुसरी गंमत. तिकडे एका घरी जेवायला गेला. यजमानाने विचारलं, आणखी घेणार का? आपल्या रीतीप्रमाणे हा पहिल्यांदा "नको" म्हणाला. आपल्याकडे पहिलं 'नको' हे नको नसतंच. वाढणाऱ्याने आग्रह करायचा, पाहुण्याने ताटावर हात आडवा धरायचा, मग घास घ्यायचा. तिथे भांडं पुढे गेलं ते परत आलंच नाही. बिचारा अर्धपोटी उठला. यजमान उद्धट होता का? नाही. तुमचा शब्द हा तुमचा शब्द, त्यात आम्ही ढवळाढवळ करणार नाही, हा त्याचा मान देण्याचा प्रकार. आपला प्रकार, तुमचा संकोच आम्ही मोडून काढू, हा. तिथे अंतर राखून मान देतात, इथे अंतर पुसून.

हवेचं घ्या. दोन इंग्रज भेटले की आधी हवेवर बोलतात. अठराव्या शतकात डॉ. सॅम्युअल जॉन्सननेही हे टिपून ठेवलं आहे. हवा कुणाची खाजगी नाही, म्हणून तो विषय सुरक्षित. आपणही भेटलं की विचारतो, "पाऊसपाणी काय म्हणतं?" पण अक्षय्य तृतीयेला भेंडवळच्या घटमांडणीकडे कान लावून बसणाऱ्या जिल्ह्यात हा प्रश्न हवेचा नसतो. तो सोयाबीन-कपाशीचा, कर्जाचा, पोरीच्या लग्नाचा असतो. शब्द तोच, तिकडे खाजगी गोष्ट टाळायला, इकडे हळूच तिथवर पोचायला.

इतर देशांकडे एक नजर टाकू. केट फॉक्स नावाच्या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी मुद्दाम लोकांना धक्के देऊन पाहिले. चूक यांची असूनही बहुतेक इंग्रजांनीच 'सॉरी' म्हटलं. त्यांच्या जवळपास पोचले ते फक्त जपानी. पण जपानी माणूस वाकतो ते समोरच्याचा दर्जा ओळखून. इंग्रजाचं सॉरी सगळ्यांना सारखंच. फ्रेंचांनी 'तू' आणि 'तुम्ही' आपल्यासारखे वेगळे ठेवले. इंग्रजीत 'तू' जवळजवळ लोप पावला आणि सगळ्यांना एकच 'यू' उरला. म्हणून इंग्रज समाजात समता आली असं मात्र समजू नका. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, तिथून १८८६ साली अमेरिकेला. अमेरिकेच्या लोकस्थितीवरचं त्यांचं पुस्तक १८८९ चं. राजा आणि सरदार नसलेल्या त्या देशाचं त्यांना कौतुक वाटलं. स्वतः इंग्रजांपैकी जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली लिहिलं, की रूढीचा जुलूम आपल्या देशात माणसाला स्वतःसारखं जगू देत नाही. हर्बर्ट स्पेन्सरने तर वाकणं, टोपी काढणं या रीतींचं मूळ जेत्यापुढच्या शरणागतीत शोधलं. हे दोघे आपल्या आगरकरांचे आवडते लेखक.

आता आतल्या भागाकडे येऊ. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. आपल्या खेड्यातल्या माणसाने जो इंग्रज पाहिला तो शेजारी म्हणून नाही, साहेब म्हणून. तो लंडनमध्ये रांगेत उभा राहत असेल. इथे रांग त्याच्यापुढे उभी असे. इंग्रजांच्या रोजच्या वागण्यातला सौम्यपणा जॉर्ज ऑरवेलने आवडीने वर्णन केला, पण ब्रह्मदेशात पोलिसात नोकरी केल्यामुळे साम्राज्यातलं वागणंही त्याला ठाऊक होतं. आणि महात्मा फुल्यांनी १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या स्वागतसमारंभाला गरीब शेतकऱ्याच्या वेशात जाऊन दाखवून दिलं, की तुमच्या सभ्य मेजवानीत खरी रयत कुठे आहे ते बघा.

तेव्हा आपण इंग्रजांकडून नेमकं काय उचललं? शेजाऱ्याची रीत नव्हे, साहेबाची उचलली. कचेरीत खिडकीपाशी सत्तरीचा शेतकरी हात जोडून उभा, आणि आतला पंचविशीचा पोरगा त्याला म्हणतो, "ए बाबा, उद्या ये." यात इंग्रजी काही नाही आणि मराठीही पूर्ण नाही. साहेबाची खुर्ची आणि आपली जुनी उतरंड यांचं ते लग्न आहे. आपली उतरंड जुन्या पत्रांच्या मायन्यातही दिसते : तीर्थरूपांना साष्टांग नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद. घरात ते गोड आहे. पण घराबाहेर तीच सवय आधी आडनाव विचारते, मग ठरवते की 'या' म्हणायचं की 'ये'.

इथे दुसऱ्यांकडे बोट दाखवून चालणार नाही. आम्ही प्राध्यापक होतो तेव्हा आमच्या विभागात एक शिपाई होते. वयाने आमच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. आम्ही त्यांना नावाने, 'अरे' म्हणून हाक मारत असू. ते आम्हाला 'सर' म्हणत. वर्गात कांट शिकवायचा, प्रत्येक माणूस स्वतःच साध्य आहे, केवळ साधन नव्हे, आणि बाहेर येऊन म्हणायचं, "अरे, पाणी आण." आम्हाला त्यात विसंगती दिसली नाही. एकदाही नाही.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी शेगावला गेलो. तिथे सेवेकरी प्रत्येकाला 'माऊली' म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहे. दर्शनाच्या रांगेत एक पांढऱ्या कपड्यातले वृद्ध सेवेकरी हात जोडून म्हणाले, "माऊली, सावकाश पुढं चला." तेच होते. त्यांनी ओळखलं, हसले, आणि मागच्या माणसालाही त्याच आवाजात म्हणाले, "माऊली, पुढं चला." 'सर' नाही, वेगळा मान नाही. आम्हाला तिथे त्यांच्याशी काय बोलावं ते सुचलं नाही. परतताना मात्र नावापुढे 'राव' लावून, 'तुम्ही' म्हणून निरोप घेतला. उशीर झाला होता, पण घेतला.

तेव्हा अनोळखी माणसाला जात, वय, खिसा न विचारता मान द्यायचा, ही काही इंग्रजांची मक्तेदारी नाही. आपल्या वारकऱ्यांत दोघे भेटले की दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. जगात इतका समतेचा नमस्कार क्वचित सापडेल. अडचण एवढीच, की तो रिंगणाबाहेर फारसा येत नाही. मंदिरात जो माऊली, तोच बसस्टँडवर परका. तिथे आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो आणि दारातल्या म्हाताऱ्याला कोपर मारतो. इंग्रजाचा शिष्टाचार नेमका तिथे, अनोळखी माणसापाशी सुरू होतो. आपला बहुतेक वेळा तिथे संपतो.

म्हणून आमचं म्हणणं एवढंच. आईला थँक्यू म्हणू नका, तिला वाईट वाटेल. पाहुण्याला आग्रह जरूर करा. पण बसच्या दारात, दवाखान्याच्या रांगेत, कचेरीच्या खिडकीत, ज्याचं आडनाव आपल्याला माहीत नाही त्याला 'तुम्ही' म्हणा. शब्द इंग्रजांकडून आणायची गरज नाही. आपल्याकडे आहे, तो फक्त शेगावहून घरी येताना बरोबर आणायचा आहे.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.