पहिला सर्व्हर, तोही मराठी बोलणारा

गेल्या आठवड्यात नोड बसवून टर्मिनलवर चार ओळी चालवून पाहिल्या. तो प्रोग्रॅम उत्तर देऊन लगेच संपत होता. सर्व्हर संपत नाही. कुणी काही मागेपर्यंत तो जागा राहतो आणि उत्तर देऊन पुन्हा वाट पाहतो.

जावास्क्रिप्ट १९९५ साली आली ती ब्राउझरसाठी. २००९ मध्ये रायन डाल यांनी क्रोममधलं व्ही-एट हे इंजिन ब्राउझरबाहेर काढून त्यावर नोड उभं केलं. फाइल वाचायला सांगितली की तिच्यापाशी ताटकळत बसायचं नाही, तोवर पुढच्या माणसाची विनंती हातात घ्यायची, हा त्याचा गाभा. मात्र आपणच एखादं लांबलचक गणित मध्ये घातलं, तर सगळेच खोळंबतात.

आता काम. नोडसोबतच येणारं एचटीटीपी मॉड्यूल मागवा आणि त्याचं ‘क्रिएटसर्व्हर’ वापरा. रोमनमध्ये टाइप करताना शब्द एकच, फक्त मधला एस मोठा. त्याला एक फंक्शन द्यायचं. प्रत्येक विनंतीला नोड ते फंक्शन चालवतं आणि त्याच्या हाती दोन गोष्टी देतं : रिक्वेस्ट, म्हणजे काय मागितलं ते, आणि रिस्पॉन्स, म्हणजे ज्यातून उत्तर द्यायचं ते. उत्तर ‘एंड’ने पुरं करायचं. ते राहिलं तर ब्राउझरचं चक्र नुसतं फिरत राहतं. शेवटी ‘लिसन’ला ३००० हा पोर्ट सांगा, फाइल चालवा आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, अपूर्णविराम (:), ३००० असा पत्ता घाला. पोर्ट आधीच वापरात असल्याची तक्रार आली, तर बहुधा तुमचाच जुना सर्व्हर दुसऱ्या खिडकीत चालू असतो. कंट्रोल-सी दाबून तो बंद करा. कोड बदलल्यावरही असंच थांबवून नव्याने चालवायचं.

बहुतेक धडे इथे इंग्रजीत ‘हॅलो वर्ल्ड’ छापून पुढे सरकतात. आपण ‘नमस्कार’ पाठवू, कारण खरं शिक्षण तिथे आहे. नेटवरून अक्षरं जात नाहीत, बाइट जातात. यूटीएफ-८ मध्ये ‘न’ला तीन बाइट लागतात. ते कसे वाचायचे हे सांगितलं नाही, तर ब्राउझर अंदाज बांधतो. तो अंदाज पश्चिम युरोपीय लिपीकडे गेला, की एका ‘न’च्या जागी तीन चिन्हं उमटतात : डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, चलनाचं गोल चिन्ह आणि दोन टिंबं. म्हणून उत्तराआधी ‘कंटेंट-टाइप’ हा हेडर लावायचा : टेक्स्ट/एचटीएमएल आणि पुढे कॅरसेट यूटीएफ-८. ही एक ओळ मराठी माणसाने कधीही गाळू नये.

दुसरी गंमत लांबीची. ‘नमस्कार’ची लांबी जावास्क्रिप्टला विचारली तर ती ७ सांगते, कारण हलन्त आणि कानाही ती वेगळे मोजते. बाइट मात्र २१ होतात. ‘कंटेंट-लेंग्थ’ या हेडरमध्ये हौसेने ७ लिहून पाहा : ब्राउझर सात बाइट घेतो आणि ‘नम’पुढे एक मोडकं चिन्ह दाखवतो. ‘स’चा पहिलाच बाइट तेवढा पोचलेला असतो. इंग्रजी मजकुरात हे दोन आकडे सारखेच येतात, त्यामुळे ही चूक तिथे वर्षानुवर्षं दडून राहू शकते. हा हेडर आपण लावला नाही, तर ते नोड स्वतः सांभाळतं.

एक्सप्रेससारखी तयार चौकट पुढे घेऊच, पण आधी हे उघड्या हातांनी एकदा कराच. हेडर म्हणजे काय हे असं पडद्यावर बिघडवून पाहिलं की पक्कं बसतं.

रिक्वेस्टमधला ‘यूआरएल’ टर्मिनलवर छापूनही पाहा. पान एकदाच उघडलं तरी बऱ्याचदा दोन ओळी दिसतील. दुसरी विनंती टॅबवरच्या छोट्या चित्रासाठी ब्राउझरने आपणहून केलेली असते. मग पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन ‘पुणे’ लिहा. टर्मिनलवर पुणे दिसणार नाही, बारा टक्केचिन्हांची माळ दिसेल. ती उलगडून प्रत्येक गावाला वेगळं उत्तर कसं द्यायचं, ते पुढच्या आठवड्यात.