शंभरात पस्तीस-चाळीस

परळी वैजनाथच्या वाटेवर एका शेतात कापसाच्या पानावरून बोट फिरवलं. पानावर हिरवी रेघ उमटली, बोट राखाडी झालं. ही राख जाते कुठे, ते पाहायला औष्णिक विद्युत केंद्राच्या आसपासच्या वीटभट्ट्यांवर गेलो.

केंद्र १९७१ साली सुरू झालं. जुने संच निवृत्त झाले. आता २५० मेगावॅटचे तीन उरलेत. "शंभर किलो कोळसा जाळला की पस्तीस-चाळीस किलो राखच पडती बघा," राख नेणाऱ्या हायवा ट्रकचा चालक म्हणाला. देशी कोळसा आहेच तसा. तिन्ही संच पूर्ण भारानं चालले, तर ढोबळमानानं दिवसाला बाराएक हजार टन कोळसा लागेल. त्याचे शंभरात पस्तीस-चाळीस म्हणजे चार हजार टनांहून जास्त राख, एका दिवसाची.

धुरातली बारीक राख विजेचा भार दिलेल्या पत्र्यांना चिकटते. ती झटकून सुकीच बंद बल्करमधून सिमेंट कारखान्यांना जाते. उरलेली पाण्यात कालवून राखेच्या तळ्यात सोडतात. तळं वाळलं की राख वाऱ्याच्या हाती.

भट्टीवर माती, राख, पाणी कालवतात, साच्यात थापतात, वाळवून रचतात, पेटवतात. राखेमुळे वीट हलकी होते आणि शेतातली सुपीक माती वाचते. म्हणूनच १९९९च्या केंद्रीय अधिसूचनेनं अशा केंद्रांपासून ५० किलोमीटरच्या आत मातीच्या विटांत वजनानं किमान २५ टक्के राख घालणं बंधनकारक केलं होतं. हा विचार मला पटतो. राख वापरायलाच हवी.

पण विटा थापणाऱ्या एका मावशींपाशी मी थबकलो. हात कोपरापर्यंत राखाडी. शेजारी पाण्याचा हंडा, त्यावर ओलं फडकं. थोड्या थोड्या वेळानं त्या उठत, फडकं दूर नेऊन झटकत, खळबळून पुन्हा हंड्यावर घालत. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "लेकरं पितेत की दादा हेच पाणी." तोंडाला मात्र पदराशिवाय काही नव्हतं. मी पुढच्या भट्ट्या पाहून आलो, तरी नजर त्या हंड्याकडेच जात होती.

  त्या हंड्यावर बसणारी राख साधी धूळ नाही. कोळशात कॅडमियम हा विषारी धातू अगदी अल्प असतो. विद्युत केंद्राच्या भट्टीतल्या उष्णतेनं त्याची वाफ होते आणि धूर निवताना ती राखेच्या सर्वांत बारीक कणांवर बसते. आर्सेनिकचंही तसंच. हेच कण श्वासाबरोबर सर्वांत खोल जातात. राखेत सिलिका असते ती वेगळीच.

३१ डिसेंबर २०२१च्या अधिसूचनेनं सगळी राख वापरण्याचं बंधन केंद्रांवर घातलं. वापर मोजला जातो टनांत. वाटेत उडालेली राख कोण मोजणार? शंभरात पस्तीस-चाळीस हा आकडा कोळशाबरोबर येतोच, पण राख उघडी नेणं टाळता येतं. प्रत्येक हायवावर ताडपत्री हवी, भरताना पाण्याचा फवारा हवा, तळं ओलं राहायला हवं. थापणाऱ्यांना चांगले मास्क आणि दरवर्षी फुप्फुसांची तपासणी मिळायला हवी. परळीची माणसं हे मागतील तेव्हा, दिव्याखाली बसून हे वाचणाऱ्यांनो, त्यांच्या बाजूनं बोला.