बल्ब बदलला तरी टेल लाइट लागत नाही? जुन्या गाडीत आधी 'अर्थिंग' तपासा

हेडलाइट गेला तर समोर अंधार होतो, हॉर्न बंद पडला तर लगेच कळतं. टेल लाइट मात्र चालवणाऱ्याला दिसतच नाही. तो विझला तरी बहुतेक जुन्या गाड्यांच्या डॅशबोर्डवर कोणतीही सूचना येत नाही. गाडी नेहमीसारखी धावत राहते, फक्त मागून येणाऱ्याला ती दिसत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 नुसार मागचा लाल दिवा 155 मीटरवरून दिसायला हवा. ताशी 80 किलोमीटरने येणारा ट्रक एवढं अंतर सुमारे 7 सेकंदांत कापतो. टेल लाइट चालू असेल तर ट्रकचालकाला हे 7 सेकंद मिळतात. बंद असेल तर त्याच्या हेडलाइटच्या झोतात गाडी येईपर्यंत त्याला काहीच कळत नाही.

दिवा बंद दिसला की पहिली शंका बल्बवर जाते. नवीन बल्ब बसतो, चार दिवस चालतो आणि पुन्हा तेच. म्हणून खर्च करण्याआधी कोणता दिवा कधी लागतो आणि कधी लागत नाही, हे नीट पाहावं. बिघाड कुठे आहे, ते त्यावरूनच बरंचसं कळतं.

एका बल्बमध्ये दोन दिवे

अनेक जुन्या गाड्यांत टेल लाइट आणि ब्रेक लाइट मिळून एकच बल्ब असतो. त्याच्यावर 12 व्होल्ट, 21/5 वॉट असं लिहिलेलं असतं. आत दोन तारा असतात. 5 वॉटची तार टेल लाइटची, तर 21 वॉटची ब्रेकची. एक तुटली तरी दुसरी चालू राहू शकते. या बल्बच्या बाजूच्या दोन पिना वेगवेगळ्या उंचीवर असतात, त्यामुळे तो एकाच बाजूने बसतो. बसत नसेल तर जोर लावू नका, फिरवून पाहा.

लक्षणावरून बिघाड कसा ओळखायचा?

• एकाच बाजूचा टेल लाइट बंद, पण त्या बाजूचा ब्रेक लाइट चालू: बल्बमधली 5 वॉटची तार तुटली असेल, किंवा होल्डरमधला तिचा संपर्क खराब झाला असेल.

• दोन्ही टेल लाइट बंद, ब्रेक लाइट चालू: आधी फ्यूज पाहा. सोबत नंबर प्लेटचा आणि डॅशबोर्डचा दिवाही बंद असेल, तर फ्यूज किंवा लाइटच्या स्विचवर संशय पक्का.

• टेल लाइट चालू, पण दोन्ही ब्रेक लाइट बंद: ब्रेकच्या पेडलपाशी एक छोटा स्विच असतो. फ्यूज ठीक असेल तर बिघाड बहुधा त्या स्विचमध्येच असतो.

• ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, किंवा लाइट बंद असतानाही पार्किंग लाइट मंद लागतात: ही खराब अर्थिंगची खूण.

अर्थिंग म्हणजे काय?

बॅटरीतून दिव्यापर्यंत करंट वायरने येतो. परतीचा प्रवास मात्र बहुतांश गाडीच्या लोखंडी बॉडीतूनच होतो. दिव्याची एक छोटी वायर स्क्रूने बॉडीला जोडलेली असते, तीच अर्थिंग. वर्षानुवर्षं पावसाचं पाणी आणि दमट हवा लागून त्या स्क्रूखाली गंज चढतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत हे आणखी लवकर होतं. परतीची वाट अडली की करंट शेजारच्या दिव्याच्या तारेतून वाट काढतो आणि भलताच दिवा लागतो.

वाट पूर्ण बंद झाली नाही, नुसती अरुंद झाली, तरी फरक पडतो. बल्बला मिळणारं व्होल्टेज 10 टक्क्यांनी घटलं तर प्रकाश साधारण 30 टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे दिवा 'चालू' असतो, पण लांबून दिसत नाही.

घरच्या घरी तपासणी

लाइट चालू ठेवा. एका वायरचं टोक होल्डरच्या अर्थिंगला आणि दुसरं टोक बॉडीच्या स्वच्छ, रंग नसलेल्या पत्र्याला लावा. दिवा लगेच उजळला तर दोष अर्थिंगचाच. वायर चुकून करंटच्या टोकाला लागली तर फ्यूज उडेल, त्यामुळे अर्थिंगची वायर कोणती याची खात्री नसेल तर हे काम ऑटो इलेक्ट्रिशियनवर सोपवा.

दुरुस्ती सोपी आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. अर्थिंगचा स्क्रू सहसा डिकीत दिव्याच्या मागे असतो, तो सोडवा. स्क्रू, वायरचं टोक आणि खालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. घट्ट बसवून वरून थोडं व्हॅसलीन लावा. होल्डरमध्ये हिरवट-पांढरा थर असेल तर तोही साफ करा. काचेच्या आत पाणी साचत असेल तर तिचं रबर बदला, नाहीतर गंज परत येणार.

या चुका टाळा

फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा बसवा. पट्टीच्या फ्यूजमध्ये लाल 10 चा, निळा 15 चा, पिवळा 20 चा असतो. मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद लावला तर फ्यूजऐवजी वायर तापते आणि आग लागू शकते. फ्यूज वारंवार उडत असेल तर कुठेतरी वायर उघडी पडली आहे. उंदरांनी कुरतडलेली जागा आणि डिकीच्या बिजागरीजवळ दुमडणारी वायर आधी पाहा.

लाल काच फुटली असेल तर ती बदला. भोकातून पांढरा उजेड बाहेर पडला तर मागच्या चालकाला गाडी समोरून येत असल्याचा भास होऊ शकतो.

खासगी गाडीला 15 वर्षं झाली की नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि त्या वेळी गाडीची तपासणी होते. पण त्याची वाट कशाला पाहायची? रात्री गाडीची पाठ भिंतीकडे करून उभी करा आणि लाइट लावा. भिंतीवर दोन्ही बाजूंना सारखा लाल उजेड दिसला पाहिजे, आणि ब्रेक दाबल्यावर तो ठळकपणे वाढला पाहिजे. याला एक मिनिटही लागत नाही. लांबच्या प्रवासाला निघण्याआधी हवा तपासता, तसंच हेही तपासा.