कंपवात चेहऱ्यावरही दिसतो

कंपवात म्हटले की थरथरणारा हात डोळ्यांसमोर येतो. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या आजाराचे वर्णन केले, तेही प्रामुख्याने कंप आणि चालीवरून. पण अनेक रुग्णांच्या भुवयांत, नाकाच्या कडेला, कानामागे व टाळूवर तेलकट, पिवळसर खपल्या धरतात, खाज सुटते. ‘घरचे नीट अंघोळ घालत नाहीत’ असा बोल मग सुनेला लागतो. प्रत्यक्षात तो आजाराचाच भाग असतो.

कंपवातात घाम आणि तैलग्रंथींवर ताबा ठेवणाऱ्या नसाही बिघडतात. चेहऱ्यावर तेल जास्त सुटते आणि सर्वांच्याच त्वचेवर असणारी मालासेझिया ही बुरशी त्यावर पोसते. हात कापत असल्याने तोंड धुणेही जमत नाही. हा त्रास संसर्गजन्य नाही.

हिंगोली-वसमत हा हळदीचा मुलूख. खाज सुटली की हळद-तेलाचा लेप ठरलेलाच. परंतु तेलाने ही बुरशी वाढते. दुकानातून परस्पर आणलेल्या मलमात अनेकदा स्टेरॉइड असते. ते दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होते. त्याऐवजी डॉक्टरांच्या सल्ल्याने किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा लावावा, पाच मिनिटे ठेवून धुवावा. डोळे जपावेत.

काही रुग्णांना घामाच्या धारा लागतात, विशेषतः गोळीचा असर उतरताना. काहींना घाम कमी येतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्यांना उष्माघाताचा धोका अधिक. सैल सुती कपडे, सावली आणि वेळेवर पाणी हवे. अमॅन्टाडिन घेणाऱ्यांच्या पायांवर जांभळट जाळी उमटू शकते. ती दिसल्यास डॉक्टरांना सांगावे. गोळ्या स्वतःहून एकदम बंद करणे धोक्याचे असते.

कंपवाताच्या रुग्णांत मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा जास्त आढळतो. आपल्याकडे तो दुर्मिळ, पण झाल्यास बहुधा तळपाय किंवा नखाखाली होतो. काळा डाग वाढत असेल, तर थांबू नये. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी. माकडहाड व टाचा रोज पाहाव्यात.

रुग्णालयात गेल्यावर हात दाखवतो, तसे टोपी आणि चप्पल काढून टाळू व तळपायही दाखवावेत.