कुंपणाचा खांब मातीलगतच का कुजतो?

परसातले लाकडी कुंपण पावसाळ्यात कलले, की नजर आधी फळ्यांकडे जाते. दोष बहुधा खांबाचा असतो आणि खांब मोडतो तोही जवळजवळ नेहमी एकाच जागी, मातीच्या पातळीला. उपटून पाहावे तर खोल गाडलेला बुंधा पुष्कळदा धड निघतो.

लाकूड पाण्याने कुजते असे म्हणतात, पण पाणी हे निमित्त. लाकूड खाते ती बुरशी. तिला ओलावा, हवा आणि ऊब तिन्ही एकाच वेळी लागतात. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांखाली असेल, तर बुरशीला पाय रोवता येत नाही. 30 टक्क्यांच्या आसपास गेला की कुजणे जोर धरते. खांबाचा वरचा भाग सर थांबल्यावर वाळतो. खोल मातीत ओल असते, पण प्राणवायू कमी. मातीच्या पातळीला मात्र दोन्ही मुबलक. कायम पाण्यात बुडालेले लाकूड वर्षानुवर्षे टिकते, ते याच कारणाने. काही बुरश्या लाकडातले सेल्युलोज संपवून तपकिरी लिग्निन मागे ठेवतात. मग लाकूड उभे-आडवे तडकते आणि त्याचे चौकोनी तुकडे हातात येतात.

वाळवी याच वाटेने वर चढते, मातीच्या बोगद्यांतून. महाराष्ट्रात आढळणाऱ्या वाळवीच्या काही जाती चावलेल्या लाकडावर वारुळात बुरशीची शेती करतात. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी चविष्ट अळंबी हे त्याच शेतीचे पीक.

दुरुस्तीआधी खांबाच्या बुडाशी वीतभर माती उकरून स्क्रूड्रायव्हर टोचावा. तो सहज आत शिरला, तर तेवढ्या भागावर लांबी किंवा रंग लावणे व्यर्थ. बुरशीचे तंतू दिसणाऱ्या कुजीच्या पुढेही पसरलेले असतात. खांब बराच वर, ठणठणीत लाकडापर्यंत कापावा.

नवा खांब सागाचा घेतल्यास गाभ्याचा घ्यावा. सागाच्या गाभ्यात बुरशीला आणि वाळवीला न मानवणारी द्रव्ये असतात, सालीजवळच्या फिकट लाकडात ती जवळपास नसतात. खांबाचे टोक भाजून गाडण्याची जुनी रीत वाटते तितकी भरवशाची नाही. कोळसा बुरशीचे अन्न नव्हे, हे खरे. पण त्याला पडलेल्या भेगांतून पाणी आतल्या कोऱ्या लाकडापर्यंत पोहोचते. डांबराचा हातही वरवरचाच. औषध लाकडात दाबाने भिनवावे लागते. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिकचे असे मिश्रण सोंती कामेसन यांनी 1933मध्ये डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत तयार केले आणि ते जगभर वापरले गेले. आर्सेनिकमुळे पुढे अनेक देशांनी घरगुती वापरावर मर्यादा आणल्या. अशा जुन्या लाकडाचे तुकडे चुलीत कधीच घालू नयेत. धूर आणि राख दोन्ही विषारी असतात.

सर्वांत टिकाऊ दुरुस्तीत लाकूड मातीत जातच नाही. कापलेल्या खांबाखाली काँक्रीटमध्ये गॅल्व्हनाइझ्ड लोखंडी अँगल रोवायचा आणि लाकूड जमिनीपासून चार बोटे वर ठेवून त्याला बोल्टने आवळायचे. काँक्रीटचा माथा बाहेरच्या बाजूने उतरता हवा. लाकूडच काँक्रीटमध्ये रोवले, तर ते वाळून आकसते आणि फटीत पाणी साचते. खांबाच्या वरच्या टोकालाही उतार किंवा पत्र्याची टोपी लागते, कारण कापलेले तोंड बाजूच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी वेगाने पाणी शोषते.