वेकसर्फिंगमधील लाटेची घडण : बोटीवरील भार व वेग यांच्या समायोजनाचे विवेचन

प्रस्तावना :

जलक्रीडांपैकी वॉटर स्कीइंग हा प्रकार सर्वपरिचित आहे. त्यात खेळाडू दोरीच्या आधाराने वेगवान बोटीमागे ओढला जातो. वेकसर्फिंग हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत वाढलेला त्याचा आप्त होय. मात्र येथे दोरी केवळ उभे राहण्यापुरती लागते. एकदा तोल साधला की खेळाडू दोरी सोडून देतो आणि बोटीने निर्माण केलेल्या लाटेच्या उतारावर फळीवरून घसरत राहतो. लाट बोटीबरोबरच पुढे सरकत असल्याने हा उतार संपत नाही. उतारावरून खाली खेचणारा गुरुत्वाकर्षणाचा घटक आणि पाण्याचा रोध यांचा समतोल साधला गेला की खेळाडू बोटीच्याच वेगाने पुढे जात राहतो.

समुद्रावरील सर्फिंगमध्ये लाट निसर्ग देतो; वेकसर्फिंगमध्ये ती चालकाला घडवावी लागते. त्यासाठी त्याच्या हाती मुख्यतः दोन साधने असतात : बोटीत घेतलेला भार, म्हणजेच बॅलास्ट, आणि बोटीचा वेग.

उद्दिष्टे :

१. वेग व लाटेचा आकार यांतील संबंध स्पष्ट करणे.
२. भाराचे प्रमाण व स्थान यांचा लाटेवरील परिणाम पाहणे.
३. या समायोजनाच्या सुरक्षाविषयक व पर्यावरणीय मर्यादा मांडणे.

वेग आणि तरंगलांबी :

खोल पाण्यात लाटेचा वेग तिच्या तरंगलांबीवर अवलंबून असतो. लाटेच्या वेगाचा वर्ग घेऊन त्याला २π ने गुणले व गुरुत्वत्वरणाने भागले असता तरंगलांबी मिळते. बोटीच्या थेट मागे, तिच्या मार्गाला आडव्या उमटणाऱ्या लाटा बोटीच्याच वेगाने चालतात. त्यामुळे वेग ठरला की त्यांची तरंगलांबीही ठरते. वेकसर्फिंगचा वेग साधारणतः ताशी १६ ते १९ किलोमीटर असतो. ताशी १६ किलोमीटर वेगाला ही तरंगलांबी सुमारे १२.६ मीटर, तर ताशी १८ किलोमीटरला सुमारे १६ मीटर येते. अवघ्या दोन किलोमीटरच्या फरकाने लाट सव्वातीन मीटरहून अधिक लांबते, हे येथे लक्षात घ्यावे.

हाच वेग का निवडला जातो, याचे उत्तर विल्यम फ्रूड (१८१०-१८७९) या इंग्रज अभियंत्याच्या कार्यात सापडते. बोटीचा वेग तिच्या लांबीच्या संदर्भात पाहिला पाहिजे, हे त्याने दाखवून दिले. ७ मीटर लांबीच्या बोटीचा विचार केल्यास, ताशी सुमारे १२ किलोमीटर वेगाला तरंगलांबी बोटीच्या लांबीइतकी होते. त्यापुढे वेग वाढला की बोटीचे नाक उचलले जाते, पिछाडी खाली बसते आणि इंजिनाची बरीच शक्ती लाटा निर्माण करण्यात खर्च होते. वेग आणखी वाढवला तर बोट पाण्यावर उचलली जाऊन पृष्ठभागावरून घसरू लागते व लाट खुजी होते. बोट पाणी पुरेसे दूर सारते, पण त्यावर स्वार होत नाही, अशा मधल्या टप्प्यातच उंच लाट मिळते. सामान्य चालक जो टप्पा शक्य तितक्या लवकर ओलांडू पाहतो, त्यातच वेकसर्फिंगचा चालक मुद्दाम थांबतो.

भाराचे प्रमाण आणि स्थान :

आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. बोटीत १,००० लिटर पाणी घेतल्यास वजन १,००० किलोग्रॅमने वाढते व तिला आणखी एक घनमीटर पाणी दूर सारावे लागते. पाण्याच्या पातळीवरील बोटीचे क्षेत्रफळ १२ चौरस मीटर धरल्यास ती सुमारे ८ सेंटिमीटर अधिक खोल बसते. हाच भार पिछाडीला एकवटल्यास तेथील खोली याहून वाढते.

भार कोठे आहे याला त्याच्या प्रमाणाइतकेच महत्त्व असते. पिछाडीला भार वाढवल्यास लाट उंच व तीव्र उताराची, पण आखूड होते. पुढील भागात काही भार दिल्यास उंची थोडी घटते. मात्र लाट लांबते आणि खेळाडूला दूरवर रेटा मिळतो. सर्व भार मागे टाकला असता नाक अतिशय उचलले जाते, चालकाला समोरचे दिसत नाही आणि लाटेचा माथा फेसाळून कोसळतो. भार जितका अधिक तितकी लाट चांगली, हा समज म्हणूनच अपुरा ठरतो.

दोन बाजूंचा प्रश्न :

बोटीच्या दोन्ही कडांवरून येणारे पाणी पिछाडीमागील पोकळी भरून काढण्यासाठी एकत्र येते. ते दोन्ही बाजूंनी सारखेच आल्यास मध्यभागी आदळते आणि लाटेचा उतार खळबळीने भरतो. सर्फिंगच्या बाजूला अधिक भार देऊन बोट तिकडे कलती ठेवणे हा यावरील जुना उपाय होय. डावा पाय पुढे ठेवणारा खेळाडू सामान्यतः डाव्या बाजूची लाट पसंत करतो, उजवा पाय पुढे ठेवणारा उजवीकडची. २०१२ मध्ये मालिबू कंपनीने सर्फ गेट ही रचना आणली. तीत सर्फिंगच्या विरुद्ध बाजूची झडप बाहेर येऊन पाण्याचे एकत्र येणे लांबवते. त्यामुळे बोट न कलवता, दोन्ही बाजूंना समान भार ठेवून स्वच्छ लाट मिळू लागली.

समायोजनाचा क्रम :

प्रयोगशाळेतील नियम येथेही लागू पडतो : एका वेळी एकच घटक बदलावा. प्रथम पिछाडीचा भार ठरवून ताशी १७ किलोमीटरच्या आसपास सरळ मार्गाने बोट चालवावी. माथा फेसाळत असल्यास वेग अर्ध्या किलोमीटरने वाढवावा. लाट बसकी वाटल्यास तितकाच कमी करावा. वेग निश्चित झाल्यावर पुढील भार थोडाथोडा वाढवून लांबी साधावी. बोटीतील माणसे हाही भारच असल्याने त्यांच्या जागा मध्येच बदलू नयेत. पाण्याची खोलीही पाहावी. तरंगलांबीच्या निम्म्याहून, म्हणजे येथे सुमारे ८ मीटरहून, कमी खोलीत लाटेला तळाचा अडसर जाणवू लागतो. अडीच मीटर खोलीत तर ताशी १८ किलोमीटर हा वेग लाटांच्या कमाल वेगाइतकाच ठरतो व लाटेचे सारे स्वरूपच पालटते.

मर्यादा :

खेळाडू बोटीच्या अगदी जवळ असल्याने प्रोपेलर पिछाडीबाहेर उघडा असलेली बोट या खेळासाठी वापरू नये. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडचाही धोका असतो. भार व माणसे यांचे एकत्रित वजन उत्पादकाने ठरवून दिलेल्या मर्यादेतच असावे. अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी हिंदकळून बोटीचे स्थैर्य घटवते. पुढे जड असलेली बोट एकाएकी मंदावून स्वतःच्याच लाटेत वळवल्यास पाणी आत शिरते.

दुसरी मर्यादा किनाऱ्याची आहे. लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. उंची दुप्पट झाली की ऊर्जा चौपट होते. शिवाय खोल पाण्यात बोटीच्या सर्वांत उंच लाटांची उंची अंतराच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणजे ती निम्मी होण्यासाठी अंतर आठपट व्हावे लागते. तळ्याचा काठ, उथळ पाण्यातील वनस्पती व बांधलेल्या होड्या यांना ही ऊर्जा सोसावी लागते. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा बोटी किनाऱ्यापासून ५०० फुटांहून अधिक अंतरावर चालवाव्यात, अशी शिफारस करण्यात आली. व्हरमाँट राज्याने २०२४ मध्ये लागू केलेल्या नियमांत किनाऱ्यापासून किमान ५०० फूट अंतर, किमान २० फूट खोली आणि सलग किमान ५० एकर जलक्षेत्र या अटी आहेत. टाक्यांत उरलेल्या पाण्यावाटे झेब्रा शिंपल्यांसारखे उपद्रवी जीव एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाण्याचा धोकाही असतो.

निष्कर्ष :

१. वेग मुख्यतः लाटेची लांबी ठरवतो, तर भार दूर सारलेल्या पाण्याचे प्रमाण ठरवतो. दोहोंचा मेळ बसल्यावरच उपयुक्त लाट मिळते.
२. भाराच्या प्रमाणाइतकेच त्याचे स्थान निर्णायक असते.
३. खेळाडूला लाभणारी उंच लाट आणि काठाची झीज करणारी लाट या दोन वेगळ्या लाटा नाहीत. म्हणून योग्य अंतर व योग्य खोली यांची निवड हा समायोजनाचाच अविभाज्य भाग मानला पाहिजे.

पदवी स्तरावर तरंग, उत्प्लावन व ऊर्जा हे घटक शिकवताना हे उदाहरण भौतिकशास्त्र, शारीरिक शिक्षण व पर्यावरण अभ्यास या तिन्ही विषयांच्या अध्यापकांना एकत्रितपणे वापरता येण्याजोगे आहे.