परिग्रहाचे माप

वर्धा शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवरील सेवाग्राम आश्रमात, माती, बांबू आणि कवेलू यांनी उभारलेल्या बापूकुटीत, काठी, खडावा, जपमाळ, तीन माकडांची लहानशी मूर्ती असे गांधीजींच्या नित्य सहवासातील मोजके जिन्नस जतन केलेले आहेत. आणि देशोदेशी ज्याचा पत्रव्यवहार चालत असे अशा पुरुषाचा संसार इतक्या अल्प साधनांवर कसा निभावला, हा प्रश्न ते पाहणाऱ्याच्या मनात उद्भवल्यावाचून राहत नाही.

१९३६ साली मौजे शेगाव, म्हणजे आजचे सेवाग्राम, येथे वास्तव्यास येताना, निवासस्थान स्थानिक साहित्याने बांधावे आणि त्याचा खर्च ५०० रुपयांवर जाऊ नये, अशी अट गांधीजींनी घातली होती. आश्रमाच्या एकादश व्रतांत असंग्रहाला स्थान होते. गरजेची नसलेली वस्तू बाळगणे हाही चौर्याचाच एक प्रकार, अशी त्यांची धारणा होती.

तथापि वस्तूंवर त्यांचे अवलंबन नव्हते, असे समजणे यथार्थ होणार नाही. कमरेला लटकणारे घड्याळ त्यांच्या दिनक्रमाचे नियमन करी, चष्म्यावाचून वाचन होत नसे, आणि येरवड्याच्या तुरुंगात सिद्ध झालेल्या पेटीचरख्यामुळे प्रवासातही सूतकताईचा नेम चुकत नसे. मात्र प्रत्येक वस्तूचे कार्य नियत आणि पृथक असल्यामुळे, एखादी हरवली तरी तिच्यापुरतेच काम अडे.

आज वर्ध्याच्या बसस्थानकावर उभ्या असलेल्या प्रवाशाचे घड्याळ, पैशांचे पाकीट, तिकीट, पत्त्यांची वही, नकाशा आणि ओळखपत्र ही सारी एका मोबाइल फोनमध्ये सामावलेली असतात. ओझे खचितच हलके झाले आहे. परंतु त्याची बॅटरी उतरली, की चहाचे पैसे देणे, पुढची वाट शोधणे आणि घरी निरोप धाडणे ही तिन्ही कामे एकाच क्षणी खोळंबतात, आणि आप्तांचे क्रमांक पाठ करण्याची सवय सुटलेली असल्यामुळे दुसऱ्याने दिलेला फोनही हाती असून निरुपयोगी ठरतो.

यास्तव परिग्रहाचे माप बाळगलेल्या वस्तूंच्या संख्येवरून न घेता, एक वस्तू नसल्याने आपले किती व्यवहार थांबतात, यावरून घ्यावे. फोन टाकून देण्याची आवश्यकता नाही. तथापि चार निकटच्या माणसांचे क्रमांक मुखोद्गत असावेत, खिशात थोडी रोख रक्कम असावी आणि महत्त्वाच्या दस्तऐवजांच्या कागदी प्रती घरी असाव्यात, एवढी तजवीज प्रत्येकाने अवश्य करावी. कारण साधनाचा स्वामी राहायचे असेल, तर ते हाती नसतानाही आपला दिवस पार पडला पाहिजे.